वाटणीला गेलेल्या बॅटऱ्या

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. कडा.
सकाळी गारठा. छबुबाई दूध घालायला आली ती रडतच. माळावरचं तिचं कुत्रं बिबट्याने नेलं. चार शेळ्या गाभण, पहिली या आठवड्यातच विणार. शेडची एकच बाजू झाली आहे. गहिनीनाथने काम थांबवलं. कारण, बॅटरी मेली. उद्या त्याच्याबरोबर नवी आणायला पंडितच्या दुकानात जायचं. त्याला एकट्याला पाठवण्यात अर्थ नाही.

हे लिहून वनमालाबाईंनी वही मिटली, पण गहिनीनाथ काही डोक्यातून गेला नाही. तो कुणाच्याच डोक्यातून सहजासहजी जात नसे. कडा गावातल्या प्रत्येक पत्र्याच्या छपराखाली माणसं त्याचं नाव काढत. छप्पर गळत नसेल तेव्हाही काढत, कारण काम चालू असताना त्याने जे काही ऐकवलेलं असे ते विसरायला वर्ष लागे.

गहिनीनाथ पत्रे मारणारा मिस्तरी. चाळिशीचा, उंच, पुढे टक्कल आणि मागे केस. दहावीला दोनदा बसला, दोन्ही वेळा पेपर तपासणारे त्याच्यावर खार खाऊन होते. मग चाकणला एका कंपनीत गेला. लॉकडाऊन लागलं तसा मोटारसायकलवर बसून परत आला, आणि येताना कॅरिअरला बांधून बॅटरीवर चालणाऱ्या मशिनी घेऊन आला. भोकं पाडायची एक, स्क्रू आवळायची एक, पत्रा कापायची एक. तिन्ही हिरव्यागार, एकाच कंपनीच्या, आणि तिन्हींना एकाच जातीची बॅटरी बसे. अशा बॅटऱ्या तीन आणि त्या भरायचा चार्जर एक. वायर नाही, बोर्ड नाही, माळावर लाइट नसली तरी काम चालू. गावाने असलं काही पाहिलं नव्हतं.

इथपर्यंत शहाणपणाची गोष्ट होती. पुढे गहिनीनाथला मशिनीची हवा लागली. तो स्क्रूची मशीन फौजदाराच्या पिस्तुलासारखी कमरेला लावून हिंडू लागला. बँकेत, दवाखान्यात, मयताला. एका लग्नात नवरदेवाच्या फेट्याची पिन सुटली तेव्हा त्याचा हात कमरेकडे गेला होता, हे वनमालाबाईंनी स्वतः पाहिलं होतं. धाकटा भाऊ रामेश्वर त्याच्यासोबत काम करायचा. तो खालून पत्रा धरी, गहिनीनाथ वरून स्क्रू मारी. दोघं मिळून चांगलं काम करत, हे मान्य केलंच पाहिजे. मग एका न्हाणीच्या पाण्यावरून दोघांच्या घरात जुंपली. पाणी कुणाच्या दारातून जावं एवढाच प्रश्न होता. त्यावर उपाय म्हणून एक पाइप टाकण्याऐवजी त्यांनी घर वाटून घेतलं.

दिवाळीनंतर वाटणी झाली. पंच म्हणून मामा आले, शहादेवमामा. हे शहादेवमामा म्हणजे पंचक्रोशीतल्या वाटण्यांचे हुकमी माणूस. रान वाटलं, बांधावरची झाडं वाटली, भांडी वाटली. म्हातारी आई, कडूबाई, तीही वाटली. एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे, अमावस्येला मुक्काम हलवायचा. मधली भिंत आधीच उभी होती, तिच्यातलं दार विटांनी बुजवलं. मग मशिनी आल्या.

मामांनी तिन्ही मशिनी एकीकडे मांडल्या. बॅटऱ्या आणि चार्जर दुसरीकडे मांडले. एकदा या ढिगाकडे पाहिलं, एकदा त्या ढिगाकडे. किमती विचारल्या. दोन्ही ढीग जवळजवळ सारख्या किमतीचे निघाले. "ह्याला म्हणत्यात न्याय," मामा म्हणाले, आणि चिठ्ठ्या टाकल्या. मशिनी थोरल्याला आल्या, बॅटऱ्या आणि चार्जर धाकट्याला. जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. कुणालाही कसली शंका आली नाही. भावांना आली असेल तर आपणच आधी बोलायचं नाही एवढा शहाणपणा दोघांपाशी होता.

योगिताने, गहिनीनाथच्या बायकोने, हे वनमालाबाईंना दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं ती थट्टा करते आहे. त्यांनी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

"अगं, मशीन बॅटरीशिवाय चालत नाही, आणि बॅटरी मशीनशिवाय काही कामाची नाही. मग दोघांना मिळालं काय?"

"बरोबरीचं मिळालं ना, काकू," योगिता म्हणाली. "लोक बी तसंच म्हणले."

एक बॅटरी मात्र वाटणीच्या दिवशी स्क्रूच्या मशिनीत बसलेली होती. ती काढायची राहिली. रामेश्वरने मागितली तेव्हा मामांनी निवाडा दिला, की जे अंगात बसलंय ते अंगाचंच. त्या एका बॅटरीवर गहिनीनाथने तीन महिने काढले. चार्जर नव्हता म्हणून बाजारात हातगाडीवरून एक घेतला. त्यावर बॅटरी चहाच्या पातेल्यासारखी तापायची. ती गार व्हावी म्हणून तो तिला ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेवायचा. विजेची वस्तू ओल्या फडक्यात! वनमालाबाईंनी सांगून पाहिलं. "काकू, तुमी वह्या लिहा," तो म्हणाला, "मशिनीचं मला कळतं." ती बॅटरी मंगळवारी मेली. ती इतके दिवस कशी जगली याचंच नवल.

आणि ती मेली छबुबाईच्या शेडवर.

छबुबाई मेंढपाळाच्या घरची. नवरा गेल्यावर मेंढरं विकून तिने शेळ्या धरल्या होत्या. वनमालाबाईंचा माळावरचा तुकडा पडून होता, तिथे ती कळप घेऊन राहायची. शेळ्यांभोवती नुसतं काट्याचं कुंपण. बिबट्याचा बोभाटा झाला तसं दोघींनी ठरवलं की चारही बाजूंनी आणि वरून पत्रे मारून पक्कं शेड करायचं. लोखंडी सांगाडा उभा राहिला, एक बाजू झाली, आणि मिस्तरी खाली उतरला. तीन बाजू आणि छप्पर उघडं. शेळी विताना आणि पिल्लू उभं राहीपर्यंत दोघांनाही पळता येत नाही, आणि पिल्लामागून पडणाऱ्या वारेचा वास दूरवर जातो. हे छबुबाईला कुणी सांगायला नको होतं. रात्रभर ती शेकोटी पेटवून, थाळी वाजवत बसायची.

बुधवारी गहिनीनाथ दुकानाच्या पायरीशी हजर झाला तो रिकाम्या हातांनी.

"मशीन कुठंय?" वनमालाबाईंनी विचारलं.

"घरी."

"आणि जुनी बॅटरी?"

"ती बी घरीच. कावून?"

"नवी तिला बसते की नाही ते कसं पाहणार?"

"रंग ध्यानात हाय की," तो म्हणाला.

त्यांनी त्याला परत पाठवलं. तो गेला, वाटेत कुणीतरी भेटलं, चहा झाला, आणि तासाभराने तो मोबाइलमध्ये मशिनीचा फोटो काढून परत आला. फोटो समोरून काढलेला होता. बॅटरी जिथे सरकते ती खाच खालच्या बाजूला असते, ती त्यात दिसतच नव्हती.

पंडितच्या दुकानात नळाच्या तोटीपासून फवाऱ्यापर्यंत सगळं मिळे. पंडित गोरा, घारा, कायम हसरा. त्याने काउंटरवर तीन बॅटऱ्या मांडल्या. पहिली खरी, त्याच हिरव्या कंपनीची, पण खोक्यावर धूळ आणि बनवल्याची तारीख तीन वर्षांपूर्वीची. दुसरी तशाच आकाराची, दुसऱ्या कुणीतरी बनवलेली, काळी, साधी. तिसरी बॅटरी सर्वांत मोठी होती. तिच्यावर सोनेरी अक्षरांत अठ्ठ्याऐंशी व्होल्ट असं लिहिलेलं.

गहिनीनाथची नजर तिसरीवर गेली ती हललीच नाही.

वनमालाबाई मशिनीबरोबर आलेला कागद घेऊन आल्या होत्या. योगिताने तो डाळीच्या डब्याखाली घातलेला होता, तिथून काढून आणला होता. इंग्रजी बारीक अक्षर, पण नगरच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी त्याहून बारीक अक्षरं वाचायला लावली होती. त्यांनी चष्मा पुसला.

"हे बघ. तुझी मशीन अठरा व्होल्टची. बॅटरी पूर्ण भरली की वीस-एकवीस दाखवते, काम करताना अठरावर येते. काही कंपन्या वीस लिहितात, काही अठरा. वस्तू एकच. तेव्हा व्होल्ट तेवढेच हवेत. जास्त नकोत."

"जास्त असलं तर ताकद जास्त."

"जास्त असलं तर मशीन जळेल. आणि हा दुसरा आकडा आहे ना, अँपिअर-अवर, तो म्हणजे पोत्यात ज्वारी किती ते. जास्त असेल तर जास्त वेळ चालेल. जोर तेवढाच."

"मग ही घ्या की," पंडित म्हणाला, "हिच्यात पोतं बी मोठं अन् जोर बी मोठा."

"खिळे तोलायचा काटा दे इकडे," वनमालाबाई म्हणाल्या.

पंडितला वाटलं काकूंना खिळे हवेत. त्यांनी आधी काळी साधी बॅटरी काट्यावर ठेवली. मग सोनेरी अक्षरांची. आकाराने दीडपट, आणि काटा साध्या बॅटरीइतकाच दाखवत होता. उलट किंचित कमी.

"यात एवढी ताकद भरली आहे, तर वजन कुठे गेलं?"

"काकू, नवी टेक्नॉलॉजी," पंडित हसत म्हणाला. "पयले टीव्ही केवढे जड व्हते, आता भिंतीवर लटकतात का न्हाई?"

"बघा!" गहिनीनाथ म्हणाला. त्याला हे एकदम पटलं.

"अरे, खरी घे. ती जुनी असेल तर पंडित नगरहून ताजी मागवून देईल. दोन दिवस लागतील. तोपर्यंत ही काळी घे, निदान बसेल तरी. मशीन आणून बसवून तर बघ."

"कंपनीच्या कागदात कंपनी आपलाच माल घ्या म्हणणार. आन् काळी? दरिद्री दिसती. गिऱ्हाइकापुढं कशी काढू?"

"गिऱ्हाईक बॅटरीकडे बघतं की छपराकडे?"

"काकू," गहिनीनाथने सोनेरी बॅटरी दोन्ही हातांत उचलून छातीशी धरली, "शेड मी मारायचंय का तुमी?"

पंडितने पिशवी पुढे केली. खरी-खोटी याची त्याला फिकीर नव्हती. जे पहिल्यांदा उचललं जाईल ते त्याच्या मते सर्वांत चांगलं.

गुरुवारी सकाळी वनमालाबाई माळावर गेल्या. गहिनीनाथ दगडावर बसून कानशीने काहीतरी घासत होता. समोर हिरव्या प्लॅस्टिकचा भुगा पडला होता. छबुबाई हातात काठी घेऊन उभी होती, रात्रीच्या जागरणाने तिचे डोळे लाल झाले होते.

"काय करतोस?"

"जरा अडकती. खाच मोठी करतो."

"मशीन घासतोस?"

"दोन्ही थोडं थोडं घासतो. म्हंजी कुणावरच अन्याय न्हाई."

शहादेवमामांचा भाचा शोभला. घासून घासून बॅटरी एकदाची आत गेली. मशीन फिरली. गहिनीनाथने विजयी नजरेने दोघींकडे पाहिलं आणि शिडी चढला. पाच-सहा स्क्रू बसले. मग मशीन वाकडी धरली की बॅटरी सटकायला लागली. त्याने ती सुतळीने बांधली. सुतळी ढिली पडली तशी आपल्या उपरण्याने बांधली. आता मशीन पट्टी बांधलेल्या गुडघ्यासारखी दिसायला लागली. सांगाड्याच्या वरच्या कडेला तो ओणवा झाला, उपरणं सुटलं आणि बॅटरी वरून थेट खडकावर आली. दोन फाका झाल्या.

छबुबाईने वाकून एक फाक उचलली. आत एका कोपऱ्यात बोटाएवढी पाच सेलं, आणि बाकी सगळं खोकं मोकळं. सेलं हलू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या नुसत्या पट्ट्या लावलेल्या.

"मिस्तरी," ती म्हणाली, "ह्या शेंगंत दाणं कमी अन् टरफलच लई."

"पडली म्हणून सेल उडाले आसतील," गहिनीनाथ वरूनच म्हणाला.

"कुठं उडाले? बिबट्यानं खाल्ले?"

तो त्या दोन फाका घेऊन पंडितकडे गेला. पंडितने त्या पाहिल्याही नाहीत, फक्त घासलेली कड पाहिली. "मिस्तरी, उद्या पाय कापून आणशीन आन् म्हणशीन चप्पल बदलून दे. घासलेला माल वापस न्हाई." आणि त्याच हसऱ्या तोंडाने पुढच्या गिऱ्हाइकाला अठ्ठ्याऐंशी व्होल्टची दुसरी दाखवायला घेतली. खरी बॅटरी मागवायचं गहिनीनाथने विचारलं तेव्हा कळलं की नगरचा माणूस आता सोमवारी येणार.

सोमवार! छबुबाईची काळी शेळी त्या दिवशी सकाळपासून कळपापासून बाजूला उभी राहून खूर घासत होती. कास भरली होती. छबुबाईने शेपटीजवळ हात लावून पाहिलं आणि रात्रीच्या शेकोटीसाठी आणखी लाकडं गोळा करायला लागली.

"दोन चांगल्या बॅटऱ्या आणि खरा चार्जर तुझ्या भिंतीपलीकडे आहेत," वनमालाबाईंनी गहिनीनाथला गाठून म्हटलं. "मागून आण."

"मी? मी थोरला हाय, काकू. मी कावून मागू? त्याला दिसत न्हाई का माझं काम थांबलंय? आणून द्यावं त्यानं."

"आणि नाही दिल्या तर?"

"तर त्याची नियत कळंल सगळ्यांना." एवढं बोलून तो जणू काही मोठंच काम हातावेगळं झालं अशा समाधानाने पारावर जाऊन बसला. भावाची नियत सिद्ध व्हावी म्हणून शेळी गेली तरी गहिनीनाथची हरकत नव्हती.

मग वनमालाबाई स्वतः रामेश्वरकडे गेल्या. रामेश्वर गिड्डा, सावळा, भावासारखाच मागे केस राखलेला. त्याला हल्ली काम नव्हतं. बॅटऱ्या होत्या, मशीन नव्हती. नवी घ्यायची म्हणून तो तीन महिने मोबाइलवर मशिनींचे व्हिडिओ बघत होता. बॅटऱ्या त्याने कपाटात, वैष्णवीच्या लग्नाच्या शालूखाली ठेवल्या होत्या आणि दर पौर्णिमेला चार्जरला लावून परत ठेवत होता. वैष्णवी म्हणजे त्याची बायको. तिने काकूंना पाट दिला, पाणी दिलं. ओसरीच्या कोपऱ्यात कडूबाई सुपात तूर पाखडत बसली होती. हा महिना तिचा धाकट्याकडचा होता.

"दोन दिवसांसाठी दे," वनमालाबाई म्हणाल्या. "छबुबाईसाठी. तुझ्या भावासाठी नाही."

"काकू, मी न्हाई म्हणलो का? कवाच न्हाई म्हणलो. पर दादानं तोंडानं मागावं. 'रामेश्वर, दे,' एवढंच. तीन शब्द बी न्हाईत."

"तो म्हणतो, तू आणून द्यावं."

"मी दिलं आस्तं. पर लोक म्हणतील, बघा, मशीन नसली की बॅटरी बी पाय धरती. त्यापरीस हायेत तिथं बऱ्या हायेत."

"रामेश्वर, त्या बॅटऱ्या नुसत्या पडून जुन्या होतात. वापरल्या काय नि न वापरल्या काय. दोन वर्षांनी तुझ्याकडे मेलेल्या बॅटऱ्या असतील, आणि त्याच्याकडे गंजलेली मशीन. मग काय कराल?"

रामेश्वरने यावर खरोखर विचार केला. मग म्हणाला, "तरी बी दोघांचं बरोबरच नुकसान व्हईल."

वनमालाबाई उठल्या. त्यांनी आयुष्यात बरीच मूर्ख माणसं पाहिली होती, नवऱ्याच्या नोकरीमुळे त्यांतली काही मोठ्या खुर्चीवर बसलेलीही पाहिली होती. पण तोट्यातही समान वाटा मागणारा त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. पायरी उतरताना त्यांना मागून सुपाचा आवाज ऐकू आला नाही. कडूबाईचा हात थांबला होता.

शुक्रवारी दुपारी त्या योगिताकडे शेडच्या उरलेल्या स्क्रूंचं विचारायला गेल्या होत्या, आणि भिंतीपलीकडे एकदम गलका उठला.

"मला न्हाई राह्यचं इथं!" कडूबाईचा आवाज. "तिखटजाळ कालवण करती ही. माझ्या जिभेला फोड आलेत."

"अवो आत्याबाई, कालच तर मिरची वाढ म्हणलात!" वैष्णवी रडकुंडीला आली होती. "अमावस्येला लई दिस हायेत. आत्ताच गेलात तर लोक काय म्हणतील? सुनेनं हाकललं म्हणतील!"

"म्हणू दे. मी चालले."

"आई, आसं काय करती गं," रामेश्वर म्हणत होता. "बरं थांब, ते गाठोडं तरी मला दे. तुला न्हाई झेपायचं."

थोड्या वेळाने गल्लीतून दोघं आली. पुढे कडूबाई काठी टेकत, मागे रामेश्वर डोक्यावर गाठोडं घेऊन. या गाठोड्यात दर महिन्याला दोन लुगडी, एक वाकळ, पानाचा डबा आणि पितळेची लोटी असे. ते या घरून त्या घरी जाताना कुणी उघडून बघत नसे. आईचं गाठोडं सोडायचं नाही, एवढी एक लाज दोन्ही घरांत उरलेली होती. गहिनीनाथ दारात खुर्चीवर बसला होता. भावाला पाहताच त्याने तोंड फिरवून समोरच्या खांबाकडे बघायला सुरुवात केली.

रामेश्वर उंबऱ्यापाशी थांबला. त्याने गाठोडं खाली घेतलं, आणि घेताना त्याचा हात क्षणभर गाठोड्याच्या बुडाशी चाचपडत राहिला. कापडाच्या आत काहीतरी चौकोनी, टणक लागत होतं. एक नाही, दोन. आणि त्यांच्यापलीकडे तिसरं, वायर गुंडाळलेलं.

त्याने आईकडे पाहिलं. आईने त्याच्याकडे पाहिलं.

"आई," तो हळूच म्हणाला, "गाठोडं लई जड झालंय या बारीला."

"म्हातारपणी हाडं जड व्हत्यात," कडूबाई म्हणाली. "ठेव तिथं."

त्याने ते अंडी असावीत तसं जपून उंबऱ्याच्या आत ठेवलं. "जपून उघडा म्हणावं," एवढं हवेला सांगून तो आला तसा गेला. गहिनीनाथ खांबाकडेच बघत होता.

वनमालाबाई आणि योगिता दाराआड उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या. योगिताने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते वनमालाबाईंना कळलं नाही.

कडूबाईने खाटेवर बसून गाठोडं सोडलं. लुगडं, वाकळ, पानाचा डबा. मग बॅटरी, बॅटरी, चार्जर.

"हे काय?" गहिनीनाथने विचारलं.

"माझं सामान हाय. माझ्याजवळ ऱ्हाईल. तुला वापरायचं आसंल तर मला माग."

"आई, दे की मग," तो म्हणाला. ते त्याला अजिबात जड गेलं नाही. भावाला म्हणायला जे शब्द तीन महिने घशात अडकले होते, ते आईला म्हणताना दातही न लागता बाहेर आले.

शनिवारी तो सूर्य उगवताना माळावर होता. खाच घासून सैल झाली होती, तिच्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातल्यावर खरी बॅटरी घट्ट बसली. पत्रा धरायला खाली रामेश्वर नव्हता. त्या जागी योगिता आणि छबुबाई होत्या. पत्रा हलला की गहिनीनाथ वरून शिव्या घाले, आणि शिव्या देताना दोनदा त्याच्या तोंडून "रामेश्वर, नीट धर" असं निघून गेलं. छबुबाईने वर पाहून "धरलंय, दादा" म्हटलं, तसे त्याने पुढचे दहा स्क्रू खाली न बघता मारले. एक बॅटरी उतरली की दुसरी लावे. दुपारी तिसरी बाजू झाली, उन्हं कलताना चौथी आणि छप्पर. दाराला कडी बसली. छबुबाईने काळ्या शेळीला आत घेतलं, तिच्याजवळ बसून पाठीवरून हात फिरवला आणि कडी आतून लावून घेतली.

दिवेलागणीला आतून बारीक आवाज आला. नवं पिल्लू. मग थोड्या वेळाने दुसरा. बाहेर माळावर कुठेतरी टिटव्या ओरडल्या. छबुबाई आज थाळी न वाजवता बसली.

गहिनीनाथ खाली उतरून हात पुसत होता. रस्त्याने जाणाऱ्या एकाने थांबून विचारलं, "मिस्तरी, बॅटरी मेलती ना तुझी?"

"मेलती. पर बॅटरी निवडायची कशी ते कळाया पायजे," गहिनीनाथ म्हणाला. "चमकती घ्यायची नसती. काट्यावर तोलून घ्यायची."

वनमालाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो मान वर करून आपल्या छपराकडे बघत होता आणि जे बोलला त्यावर त्याचा संपूर्ण विश्वास होता.

परतताना त्या कडूबाईला सांगायला गेल्या की शेड झालं. कडूबाईने बॅटऱ्या परत घेऊन लुगड्याखाली सारल्या होत्या आणि पान लावत होती.

"पुढच्या पाळीला बॅटऱ्यांचं काय?" वनमालाबाईंनी विचारलं. "तुम्ही पलीकडे गेलात की?"

"माझ्यासंगं जात्याल की. त्या महिन्यात मशीन बसून ऱ्हाईल, ह्या महिन्यात चालंल. मी हाय तवर भागंल त्यांचं."

"आणि नंतर?"

कडूबाईने पानाला चुना लावला, घडी घातली आणि तोंडात टाकलं.

"नंतरचं शहादेवाला इचारा," ती म्हणाली. "त्यानंच वाटलंय सगळं."

त्या संध्याकाळी वनमालाबाईंनी वहीत शेडचं लिहिलं, दोन पिल्लांचं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं: चहाच्या गाळणीची जाळी फाटली. नवी आणायची.